तिसऱ्या दिवसाचा वास

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको कामावरून आली आणि दारातच थबकली. "घरात उंदीर मेलाय का?"

मी आतून ओरडलो, "गहू आहेत ते!"

"गव्हाला असा वास येतो?"

येतो. भिजत घातलेल्या गव्हाला दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि तिसऱ्या दिवशी येतो त्याला आमच्या गावाकडे नावच नाही, नुसतं नाक मुरडून दाखवतात. बायको रत्नागिरीची. तिच्या माहेरी उन्हाळ्यातलं वाळवण म्हणजे आंब्याची साठं, फणसाची साठं, आमसुलं आणि पोह्यांची मिरगुंडं. सगळं कसं सुगंधी. आमचं श्रीगोंद्याकडचं वाळवण आधी घाण वास मारतं आणि मग खायला मिळतं.

हा उद्योग सुरू झाला आईमुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती एप्रिलमध्ये पुण्याला आमच्याकडे येऊन राहिली होती. एका रात्री जेवताना, कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाली, "औंदा चीक काय तोंडात पडला न्हाई."

चीक म्हटलं की पुष्कळांना व्यालेल्या गाई-म्हशीचा चीक आठवतो, ज्याचा खरवस करतात. आमच्याकडे त्याच नावाचा हा दुसरा चीक. गहू भिजवून, वाटून, पिळून जे पांढरं दूध निघतं तोही चीक आणि ते शिजवून जो चकचकीत गोळा होतो तोही चीकच. त्याच्या कुरडया घालतात. पण कुरडई हे मोठ्या माणसांचं काम. आम्हा पोरांचा सगळा जीव पातेल्यातल्या गरम चिकात. वाटीत घ्यायचा, मधे बोटाने खळगा करायचा, त्यात कच्चं शेंगदाणा तेल आणि वर मिठाची चिमूट. कुणी दूध-साखर घालून खायचे. माझी मोठी बहीण दूध-साखरवाली, मी तेल-मीठवाला. आमच्यात यावरून भांडणं व्हायची आणि ती अजूनही मिटलेली नाहीत.

लहानपणी सगळ्यात आवडीचं काय, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून चीक म्हणेन. पण सगळ्यात नावडतं विचारलं, तर तेही त्याच घमेल्यातलं निघेल. कारण गव्हाचं पाणी रोज बदलायचं काम माझ्याकडे असायचं. आजी दोन पायल्या गहू भिजवायची. पडवीच्या कोपऱ्यात मोठं घमेलं, त्यावर परात, परातीवर वरवंटा. पहाटे उठल्यावर त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालायचा, गहू हलवायचे, पाणी काढायचं. ते पाणी म्हशीला. फेकायचं नाही, कारण मे महिन्यात आमच्या गावाला टँकर यायचा आणि आंघोळसुद्धा तांब्या मोजून असायची. त्या पाण्याचा हाताला लागलेला वास दिवसभर जायचा नाही. भाकरी खायला हात तोंडाशी नेला की तोच वास. मी डाव्या हाताने जेवायला बघायचो आणि पाठीत धपाटा बसायचा.

नावडत्या पदार्थांत दुसरा मान हुलग्याच्या माडग्याचा. पावसाळी थंडीत सर्दी झाली की भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं, गूळ घातलेलं ते मातकट रंगाचं पेय पितळी भरून समोर यायचं आणि पिऊन होईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. शेपूचं तर नावच काढायला नको. पण त्यांच्याविषयी मला आज काही बोलायचं नाही. शेपू मी आजही खात नाही, विषय संपला.

तर मी आईला म्हटलं, "मी करतो चीक."

ती हसली. पाच मिनिटांनी परत हसली. मग म्हणाली, "लोकवन आण. दोन किलोच आण, जास्त नको."

लोकवन हे नाव मी जन्मापासून ऐकतोय आणि मला वाटायचं हा 'वन' म्हणजे जंगल. मुळात तो गव्हाचा 'लोक-१' वाण. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती नावाची संस्था आहे, तिथे तो तयार झाला म्हणून 'लोक'. इंग्रजी 'वन'चं आपल्या दुकानदारांनी 'लोकवन' केलं आणि मराठीत तो कायमचा मुरला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नाव कायबी असू दे, दाणा भरलेला बघ."

मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करतो, त्यामुळे वही केली. शुक्रवार, रात्री ९ वाजता, २ किलो गहू निवडून, तीनदा धुऊन, बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी. आईने वही बघितली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला ओळखू येतं.

शनिवारी रात्री पाणी बदललं. वास जवळपास नव्हताच. दाणा नखाने दाबला तर दबत होता, पण फुटत नव्हता. रविवारी संध्याकाळी तो वर सांगितलेला उंदराचा प्रसंग. रात्री साडेनऊला शेजारच्या काकूंनी बेल वाजवून, अगदी गोड शब्दांत, ड्रेनेज तुंबलंय का म्हणून चौकशी केली. मी बादली बाल्कनीत नेली. मग वरच्या मजल्यावरून खिडकी बंद केल्याचा आवाज आला.

आईचं म्हणणं तीन रात्री भिजायला हवेत. तीन रात्रींत पाण्याला आंबूसपणा येतो, दाण्यातला चिवटपणा सुटतो आणि आतला पिठूळ भाग मोकळा होतो. वास हीच काम चालू असल्याची खूण. हे सगळं मला कळत होतं. तरी मी रविवारी रात्रीच ठरवलं, बस झालं. दाणा दाबला तर दूध बाहेर येत होतं, मग अजून एक दिवस कशाला? आईला म्हटलं, "झालेत." तिने नुसती मान हलवली. ती टीव्ही बघत होती.

वाटण्याचं काम मिक्सरने सोपं केलं असं वाटलं होतं. गावाला उखळात कुटायचे, नाहीतर पाट्यावर. चुलती आणि आत्या समोरासमोर बसून वाटायच्या आणि गावातल्या प्रत्येक घराचा हिशेब त्या वाटण्यात व्हायचा. मिक्सर एकटाच बोलतो आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. शिवाय माझी पहिली चूक इथेच झाली. मी पाणी घालून अगदी बारीक फिरवले. आई खुर्चीतून ओरडली, "आरं चटणी करतो का काय! नुसता दाणा फुटला पाह्यजे." साल बारीक झालं की ते कपड्यातून खाली उतरतं आणि चीक काळपट होतो. पहिली दोन भांडी तशीच गेली, पुढची जपून केली.

मग जुन्या सुती ओढणीतून पिळणं. चोथा परत पाण्यात कालवायचा, परत पिळायचा, असं तीनदा. पिळून पिळून मनगटं भरून आली. उरलेला चोथा टाकायचा नसतो, त्याला तिखट, मीठ, तीळ, जिरं लावून भुसवड्या घालतात. त्याही मी घातल्या, पण त्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका.

हा सगळा वेळ आई खुर्चीत बसून बघत होती. तिला हात घालता येत नव्हता याचा तिला राग येत होता हे दिसत होतं. मधेच ती मिलोवर घसरली. १९७२ च्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. आजोबा-आजी आणि ती, तिघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. "भाकर थापली का चिरा पडायच्या. तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आन् रंग असा, जसा इटकरीचा. तोंडात घास फिरायचा, आत जायचा न्हाई." तिचं नावडतं तिने एवढ्यात सांगून टाकलं. मी विचारलं, "आणि आवडीचं?"

"सुकडी."

कामावर दुपारी वाटायचे ती सुकडी. मी शाळेत असताना सुकडीला नावं ठेवायचो, ती कोरडी, घशात बसणारी. आईला ती गोड लागायची म्हणून आवडायची. पदरात बांधून घरी न्यायची आणि धाकट्या भावाला द्यायची, म्हणजे माझ्या मामाला. "निम्मी वाटंनीच संपायची," म्हणाली आणि पहिल्यांदा मोकळी हसली. त्या सालातलं ती एरवी काहीच सांगत नाही. त्या वर्षी चीक केला होता का, असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप पिळत बसलो. गहू होते कुठे?

पिळलेलं दूध रात्रभर झाकून ठेवलं. सोमवारी पहाटे झाकण काढलं तर वर पिवळसर, पारदर्शक पाणी आणि खाली पांढराशुभ्र थर. निदान वरून तरी पांढरा. पाणी हलक्या हाताने ओतून काढलं. खालचा चीक खडूसारखा घट्ट बसला होता. इथे माझी अकरा वर्षांची मुलगी या प्रकरणात उतरली. तिने बोट खुपसलं तर जाईना. बोट नुसतं टेकवून ठेवलं तर आपोआप आत गेलं. मूठभर उचलून दाबला तर गोळा, मूठ सोडली की बोटांमधून दूध होऊन ओघळला. "बाबा, हे जादू आहे!" ती अर्धा तास तिथून हलली नाही, शाळेचा पहिला तास बुडायची वेळ आली. सुट्टी लागायला अजून आठवडा होता. मीही लहानपणी हे करायचो, आणि आजी म्हणायची, "खेळू नको, अन्न हाय ते." मी मुलीला हे म्हणालो नाही. मीही एक मूठ घेतली.

आता खरं काम, चीक हाटायचं. प्रमाण सोपं, जितका चीक तितकंच पाणी. भांड्याला भांडं. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळायचं, मीठ, थोडा हिंग, चमचाभर तेल. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने चिकाची बारीक धार सोडायची आणि दुसऱ्या हाताने हाटत राहायचं. एका जागी, एका दिशेने, न थांबता. हे वाचायला सोपं वाटतं. गावाला धार सोडणारी एक आणि हाटणारी दुसरी अशा दोघी असायच्या आणि हाटणारी चुलीवरचं पातेलं दोन्ही पायांच्या मधे धरून बसायची. माझ्याकडे गॅसचा ओटा, छातीइतक्या उंचीवर पातेलं, आणि हातात लाटणं.

गव्हातलं स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतं, आणि फुगायला लागलं की थांबत नाही. आत्ता दूध होतं, तीस सेकंदांत खीर झाली, पुढच्या मिनिटाला लाटणं हलेना. हात थांबला की गाठ. माझा थांबला. एकदा नाही, तीनदा. कारण पातेलंच लाटण्याबरोबर गोल फिरायला लागलं होतं आणि ते धरायला मला तिसरा हात हवा होता. शेवटी बायको चिमटा घेऊन आली आणि "वास कमी होता का, आता हेही," असं म्हणत तिने पातेलं धरलं. मग मात्र जमलं. पांढरा रंग हळूहळू उतरतो, गोळा आतून उजळल्यासारखा होतो, कडेने सुटायला लागतो आणि बुडबुडे फट्‌फट्‌ आवाज करून फुटतात. तो एक बुडबुडा मनगटावर उडाला, डाग अजून आहे.

झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ. शिजला की नाही ते बघायची आईची पद्धत म्हणजे बोट पाण्यात बुडवून चिकाला लावायचं. बोटाला चिकटला तर कच्चा. ती काठी टेकत स्वतः ओट्याशी आली, बोट बुडवलं, लावलं, बघितलं. "झालाय," म्हणाली. वहीत याची नोंद नाही, तेव्हा मला सुचलंच नाही.

पहिली वाटी तिला. मधे खळगा, तेल, मीठ. ती आणि मी दोघं स्वयंपाकघरातच बसलो, ती खुर्चीत आणि मी खाली फरशीवर. मुलीला दूध-साखर घालून दिला. तिने एक घास घेतला, तोंडात फिरवला आणि माझी मर्जी राखायची म्हणून कसाबसा गिळला. "डिंकासारखं लागतंय," म्हणाली. आत्याकडे पाठवू नये हिला, असं वाटून गेलं.

मी खाल्ला. गरम होता, गुळगुळीत होता, तेल बरोबर लागत होतं. पण काहीतरी नव्हतं. वयाला दोष द्यावा की तेलाला, हे ठरत नव्हतं. लहानपणी हा चीक तोंडात गेला की जिभेच्या कडेला एक बारीक आंबटपणा यायचा, तो कुठे गेला? मी गप्प राहिलो. आईने वाटी पुसून खाल्ली. मला वाटलं, निदान तिला तरी मिळाला. मग तिने वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दोनच रात्री ठिवले ना गहू?"

मी काहीच बोललो नाही.

"आंबला न्हाई. नुसतं पीठ लागतंय."

कुरडया घालायच्याच होत्या. सोसायटीच्या गच्चीला कुलूप. चावी मागितली तर 'कपडे वाळवायला परवानगी नाही' असं सांगण्यात आलं. कपडे नाहीत, कुरडया आहेत, म्हटलं. त्यासाठी नियम नव्हता, त्यामुळे चावी मिळाली. पितळी सोऱ्यात गरम चीक भरायचा आणि गार व्हायच्या आत दाबायचा, गार झाला की सोऱ्या दाबत नाही, तो आपल्यालाच दाबतो. प्लॅस्टिकच्या कागदावर एकामागून एक वेटोळी पडत गेली. पहिली दहा-बारा कोळ्याच्या जाळ्यासारखी. मग हात बसला. एकूण ६७ झाल्या. गावाला अंगणात बाजेवर लुगडं पसरून घालायचे, आणि कावळे यायला नकोत म्हणून शेजारी काळी छत्री उघडून ठेवायचे. मी पोरगा म्हणून राखणीला काठी घेऊन. राखण करता करता दर अर्ध्या तासाला एक ओली कुरडई माझ्याच पोटात जायची, वरून कडक, आतून मऊ. आमच्या गच्चीवर कावळे नाहीत, कबुतरं आहेत आणि ती काळ्या छत्रीवर येऊन बसतात.

दुपारी मुलगी गच्चीवर राखणीला गेली. पाच वाजता मोजल्या तर ६१. मी काही विचारलं नाही. चीक डिंकासारखा लागतो म्हणणारीच्या ओठांना कुरडईचा तुकडा चिकटलेला होता.

दोन दिवसांनी खडखडीत वाळल्यावर चार तळल्या. तेलात टाकली की कुरडईने पांढऱ्या फुलासारखं दुप्पट-तिप्पट फुलायला हवं. आमच्या फुलल्या, पण अर्ध्या मनाने. रंग मळकट, बारीक वाटण्याची कृपा. एकीत मधोमध गाठ होती, तिथे ती दगडासारखी राहिली, दात वाचला हे नशीब. बायकोने मात्र आवडीने खाल्ल्या आणि तिच्या मिरगुंडांपेक्षा बऱ्या आहेत असं कबूल केलं. हे तिच्या आईला कळवायचं नाही, या अटीवर.

आई जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाला जाणार होती. मी मे अखेरीला पुन्हा एक किलो गहू आणले. या वेळी वही काढली नाही. शेजारच्या काकूंना आधीच जाऊन सांगितलं की तीन दिवस आमच्या बाल्कनीतून वास येईल, ड्रेनेज नाही, गहू आहेत. त्या म्हणाल्या, "अगं बाई, चीक करताय? मग वाटीभर पाठवा." त्यांचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेडचं निघालं. आणि त्या दिवशी ड्रेनेजचं विचारत होत्या!

तिसऱ्या रात्री पाणी बदलायला बसलो. हात कोपरापर्यंत घातला. वर फेस होता, आणि वास असा की डोळे मिटले गेले. चाळीस वर्षांपूर्वीची पडवी, परात, वरवंटा, सगळं त्या बादलीत होतं आणि अजिबात सुखाचं नव्हतं. मुलगी दारात नाक धरून उभी होती. आई काठी टेकत बाल्कनीत आली, वाकता येत नाही म्हणून मी बादली उचलून तिच्या नाकाशी नेली.

तिने लांब श्वास घेतला.

"हां," म्हणाली. "आता उद्या सकाळी वाट."